स्टीव्हन्सची जीप उघडता येत होती

अमेरिकन औद्योगिक डिझायनर ब्रूक्स स्टीव्हन्सचं नाव आज निघतं ते एका वाक्यापायी, आणि बहुतेक वेळा दोष देण्यासाठीच. १९५४ साली अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात जाहिरात व्यवसायातल्या मंडळींची परिषद भरली होती. तिथल्या भाषणासाठी त्याने विषय घेतला 'नियोजित कालबाह्यता', आणि तिचा अर्थ सांगितला तो साधारण असा: गरज पडायच्या थोडं आधीच, थोडं नवं, थोडं बरं असं काहीतरी आपल्याकडे असावं ही इच्छा गिऱ्हाइकाच्या मनात रुजवणं. शब्द त्याच्या आधीपासून होता, पण घरोघरी पोचला तो त्याच्यामुळे. तेव्हापासून मोबाइलची बॅटरी दोन वर्षांत बसली, मिक्सरचं भांडं मिळेनासं झालं, की कुणीतरी हे वाक्य काढतं आणि स्टीव्हन्सला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतं.

माझ्या मते हा खटला चुकीच्या कलमाखाली चालला आहे. १९९५ साली वारलेल्या एका अमेरिकन डिझायनरची अब्रू राखावी म्हणून मी हे लिहीत नाही. कलम चुकलं की खरा गुन्हा सुटतो, म्हणून लिहिते आहे. आपल्याकडे दुरुस्तीच्या हक्काची चर्चा गेली काही वर्षं चालू आहे, आणि त्या चर्चेत दोन तक्रारी एकाच पोत्यात भरल्या जातात. कंपन्या सारखी नवी मॉडेलं काढतात, ही एक. कंपन्या जुनी वस्तू दुरुस्त करू देत नाहीत, ही दुसरी. या दोन्ही वेगळ्या काढून पाहायच्या तर स्टीव्हन्सच्या कामाइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

त्याचा जन्म ७ जून १९११ चा, मिलवॉकीचा. मिलवॉकी म्हणजे विस्कॉन्सिन राज्यातलं कारखान्यांचं गाव: यंत्रं, मोटारसायकली, बिअर. वडील तिथल्याच एका मोठ्या कारखान्यात वरच्या हुद्द्यावर इंजिनिअर. मुलाला लहानपणी पोलिओ झाला आणि तो अंथरुणाला खिळला, तेव्हा वडिलांनी त्याच्या उशाशी चित्रांच्या वह्या आणि मॉडेलं जोडायचं साहित्य आणून ठेवलं. हात तिथे बसला. १९२९ साली तो कॉर्नेल विद्यापीठात आर्किटेक्चर शिकायला गेला आणि चार वर्षांनी पदवी न घेताच परतला. ऐन मंदीचे दिवस. कारखान्यातल्या वस्तूंना रूप देण्याच्या, म्हणजे औद्योगिक डिझाइनच्या धंद्यातली मोठी नावं न्यूयॉर्कमध्ये बसलेली होती. स्टीव्हन्सने ऑफिस थाटलं ते मिलवॉकीतच, आणि हा निर्णय मला त्याच्या सगळ्या कामाची किल्ली वाटतो. न्यूयॉर्कचा डिझायनर कारखानदाराला चित्र पाठवतो. मिलवॉकीतल्याला कारखान्याच्या फाटकातून आत जावं लागतं, तिथलं प्रेस मशीन किती टनांचं आहे हे पाहावं लागतं आणि फोरमनशी बोलावं लागतं.

१९४४ मध्ये अमेरिकेतल्या औद्योगिक डिझायनरांची संस्था स्थापन झाली, तिच्या दहा संस्थापकांत तो एक होता. इस्त्र्या, बोटींची इंजिनं, गवत कापायची यंत्रं, ॲलिस-चाल्मर्सचे ट्रॅक्टर, मिलवॉकी रोड या रेल्वेच्या गाड्या, १९४९ ची हार्ले-डेव्हिडसन हायड्रा-ग्लाइड, सॉसेजच्या आकाराची १९५८ ची जाहिरातगाडी, असं पुष्कळ काही त्याच्या हातून गेलं. त्यातली एकच गोष्ट इथे सांगते, कारण तिच्यात तो पुरा दिसतो. विस्कॉन्सिनमधल्या टू रिव्हर्स गावच्या हॅमिल्टन कंपनीने कपडे वाळवायचं विजेवरचं यंत्र बनवलं होतं. उत्तम चालायचं, पण बाहेरून पाहिलं तर पांढरा पत्र्याचा डबा आणि त्याला बंद दार. स्टीव्हन्सचं म्हणणं पडलं की हा डबा एवढे पैसे मोजून कोण नेणार? दाराला काच लावा, आत दिवा लावा, आणि दुकानात रंगीत कपडे आत गरगर फिरत ठेवा. यंत्राच्या पोटातलं कामच लोकांना दाखवा.

यालाच 'इच्छा रुजवणं' म्हणायचं असेल तर ते उघड्यावर चाललेलं काम आहे. गिऱ्हाइकाला भुलवलं जातंय हे खरं, पण भुलवलं जातंय ते यंत्र काय करतं हे दाखवून.

आता जीपकडे येते. युद्ध चालू असतानाच, १९४२ मध्ये, स्टीव्हन्सने लष्करी जीपच्या सांगाड्यावर सामान्य माणसाची गाडी कशी बसवता येईल याच्या कल्पना इंजिनिअरांपुढे मांडल्या होत्या. टोलेडोच्या विलिस-ओव्हरलँड कंपनीचं लक्ष तिकडे गेलं. युद्ध संपल्यावर या कंपनीपुढे पेच होता. जीप बनवायचं तंत्र हातात होतं, पण मोटारीची बॉडी दाबून काढणारे मोठे प्रेस तिच्याकडे नव्हते. जे बाहेरून बॉडी करून देत ते मोठ्या कंपन्यांच्या कामात गुंतलेले. शेवटी काम गेलं ते घरगुती उपकरणांची कपाटं आणि डबे दाबणाऱ्या कारखानदारांकडे.

हे जरा जवळून पाहायला हवं. पत्र्याचा सपाट तुकडा साच्यावर ठेवून वरून दाब दिला की तो आकार घेतो. आकार जितका खोल, तितका पत्रा ताणला जातो. फार ताणला तर फाटतो, म्हणून खोल गोलाईसाठी मोठा प्रेस आणि एकामागून एक अनेक साचे लागतात. त्या काळच्या अमेरिकन मोटारी म्हणजे फुगीर, गोलमटोल. त्यांचे फेंडर, म्हणजे चाकांवरचे पत्रे, खोल दाबातून निघत. उपकरणवाल्यांच्या प्रेसमधून ते निघणं शक्यच नव्हतं. स्टीव्हन्सने मग सगळी गाडी उथळ दाबातून निघेल अशी आखली. चपटे, चौकोनी फेंडर, सरळ बाजू, सरळ छप्पर. १९४६ ची विलिस जीप स्टेशन वॅगन (मागे सामानालाही जागा असलेली लांब छपराची गाडी) ती हीच. तोपर्यंत स्टेशन वॅगन म्हणजे लाकडी बॉडी, दरवर्षी वॉर्निश मागणारी, काही वर्षांत करकरायला लागणारी. ही आख्खी पोलादाची. लोकांना लाकडाची सवय होती म्हणून त्याने पत्र्यावरच लाकडी चौकटीचा भास देणारे रंग लावले.

स्टीव्हन्सने सपाट पत्रा निवडला तो प्रेसच्या अडचणीतून, दुरुस्तीच्या विचाराने नव्हे. त्याला भलतं श्रेय मी देणार नाही. पण परिणाम पाहा. सपाट पत्रा कुणीही ठोकून सरळ करू शकतो. सडला तर तेवढाच तुकडा कापून नवा वेल्ड करता येतो. आत इंजिन जीपचं, चार सिलिंडरचं, तेव्हाच्या मोटारींत अगदी साधं. ही गाडी अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बनत राहिली, आणि ब्राझील-अर्जेंटिनातही तिचे अवतार निघाले.

तिच्या पाठोपाठ आली वॅगनियर, १९६३ च्या मॉडेल वर्षाची. तीही स्टीव्हन्सचीच. कंपनीचे मालक बदलत गेले: आधी कायझर, १९७० पासून अमेरिकन मोटर्स, १९८७ पासून क्रायस्लर. बॉनेटखालची इंजिनं बदलली, जाळी बदलली, आतल्या सीटची कापडं बदलली. बॉडीचा मूळ आकार तोच राहिला आणि गाडी १९९१ पर्यंत विकली गेली. जवळजवळ २९ वर्षं. दरवर्षी मागचे पंखासारखे पत्रे आणि चकचकीत क्रोम बदलणाऱ्या अमेरिकन मोटारधंद्यात एक आकार इतका काळ टिकल्याची उदाहरणं फार थोडी सापडतात, आणि तो आकार ज्याने काढला त्याच माणसाला आपण 'वस्तू मुद्दाम लवकर मरवणारा' म्हणून ओळखतो.

त्याच्या एका गाडीच्या अंगाखांद्यावर मी स्वतः खेळलेली आहे, तेव्हा मला त्याचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं. १९५६ च्या अखेरीस विलिसने एफसी-१५० नावाचा चपट्या नाकाचा ट्रक काढला. आराखडा स्टीव्हन्सचा. ड्रायव्हरची केबिन इंजिनच्या मागे न ठेवता थेट इंजिनवर आणली, म्हणजे छोट्या जीपच्या सांगाड्यावर सामानाला पुरेशी जागा निघाली. अमेरिकेत तो फारसा चालला नाही, १९६५ मध्ये बंद झाला. पण मुंबईत महिंद्र अँड महिंद्र स्वातंत्र्याच्या सुमारापासून विलिसच्या जीपची जुळणी करत होती, आणि तिने एफसी भारतात पुढे कितीतरी वर्षं बनवली. महाराष्ट्रात ज्यांचं बालपण सत्तर-ऐंशीच्या दशकात गेलं त्यांनी ही गाडी पोलिसांची, शाळेची, दवाखान्याची म्हणून पाहिलेली असणार.

माझे वडील तालुक्याच्या दवाखान्यात कंपाउंडर होते आणि तिथली ॲम्ब्युलन्स एफसीच होती. तिचं इंजिन केबिनच्या आत, ड्रायव्हर आणि शेजारी बसणारा यांच्या मधोमध, पत्र्याच्या झाकणाखाली. थंडीच्या सकाळी आम्ही मुलं त्या झाकणावर हात शेकायचो. गाडी रस्त्यात अडली की ड्रायव्हरकाका पावसात न उतरता, सीटवर बसल्या बसल्याच झाकण काढायचे आणि कार्बोरेटरमध्ये हात घालायचे. प्लग काढून फुंकर मारायची, पॉइंट पॉलिशपेपरने घासायचे, तारेचा तुकडा दातात धरलेला. एकदा कसला तरी बुश गेला. जिल्ह्याला मिळाला नाही, तर बाजारपेठेतल्या लेथवाल्याने जुना समोर ठेवून पितळेचा नवा करून दिला, आणि ॲम्ब्युलन्स संध्याकाळी बाळंतिणीला आणायला गेली. गाडी आधीच जुनाट दिसत होती. रस्त्यावर तिच्याहून देखण्या गाड्या होत्या, आणि ड्रायव्हरकाकांनाही त्या हव्याहव्याशा वाटत असणारच. पण जुनी दिसणं आणि अडून पडणं यांचा काही संबंध नव्हता.

हा फरक मला मांडायचा आहे. स्टीव्हन्सच्या वाक्यातला कळीचा शब्द 'इच्छा' आहे. वस्तू जुनी होते ती माणसाच्या मनात. तिच्या लोखंडात काही बिघडवून ठेवलेलं नसतं.

लोखंडात, किंवा काचेत, बिघाड पेरणारे लोक वेगळे होते आणि त्याच्या आधीचे होते. १९२४ च्या अखेरीस जिनिव्हात विजेच्या दिव्यांच्या मोठ्या कंपन्यांनी फीबस नावाची युती केली. १,५०० ते २,००० तास जळणारा दिवा १,००० तासांवर आणायचा ठरवलं, नमुने तपासले, आणि ज्याचा दिवा जास्त टिकेल त्याला दंड लावला. १९३२ साली न्यूयॉर्कमध्ये बर्नार्ड लंडन नावाच्या गृहस्थाने मंदीवर उपाय म्हणून पुस्तिका काढली. सरकारने प्रत्येक वस्तूचं आयुष्य ठरवून द्यावं आणि मुदत संपली की ती कायद्याने मृत समजावी, असं त्याचं म्हणणं. 'नियोजित कालबाह्यता' हे शब्द त्या पुस्तिकेच्या शीर्षकातच होते. दिव्यांच्या युतीत वस्तूच अधू करून विकायची होती, आणि लंडनच्या योजनेत सरकारनेच तिचं मरण जाहीर करायचं होतं. गिऱ्हाइकाच्या मनाचा प्रश्नच नाही, त्याला दुसरा पर्यायच ठेवायचा नाही.

स्टीव्हन्स या रांगेत बसत नाही. तो बसतो आल्फ्रेड स्लोन आणि हार्ली अर्ल यांच्या रांगेत. जनरल मोटर्सच्या स्लोनने १९२० च्या दशकात दरवर्षी मॉडेल बदलायची पद्धत रुळवली आणि १९२७ मध्ये अर्लला बोलावून गाड्यांच्या रूपासाठी वेगळा विभागच काढला. अमेरिकन माणूस १९३४ साली गाडी सरासरी पाच वर्षं ठेवायचा, आता दोन वर्षं ठेवतो, हे प्रमाण एक वर्षावर येईल तेव्हा आम्हाला पैकीच्या पैकी गुण, असं अर्लचं पन्नाशीच्या दशकातलं बोलणं नोंदलेलं आहे.

या रांगेतल्या लोकांना मी निर्दोष म्हणत नाही. हव्यास पेरणं हेही नुकसानच आहे. पत्रा, रबर, पेट्रोल आणि कर्जाचे हप्ते, सगळं त्यात गेलं. शेजाऱ्याच्या दारातली गाडी पाहून स्वतःची चांगली गाडी डोळ्यांत खुपायला लागावी, ही मनाची गरिबी त्यांनी हेतुपुरस्सर तयार केली. अमेरिकेत तेव्हाही लोक यावर तुटून पडले. १९६० मध्ये लेखक व्हान्स पॅकार्डने या अपव्ययावर आख्खं पुस्तक लिहिलं आणि त्यात स्टीव्हन्सला जाब विचारला. फोक्सवागनने तर आपली बीटल वर्षानुवर्षं तशीच दिसते हीच जाहिरात केली.

स्टीव्हन्सचं उत्तर मात्र ऐकण्यासारखं आहे. त्याचं म्हणणं होतं की याला उधळपट्टी म्हणू नका, कारण वस्तू फेकली जात नाही. पहिला मालक नवी घेतो, त्याची जुनी दुसऱ्याकडे जाते, दुसऱ्याची तिसऱ्याकडे. ज्याला नवी परवडत नाही त्याला चांगली जुनी मिळते. मोटारींच्या बाबतीत हे खरंच होतं, आणि आपल्याला तर हे पुस्तकातून शिकायची गरज नाही. आपल्या कितीतरी घरांत पहिली स्कूटर, पहिला फ्रिज, पहिली चारचाकी सेकंडहँडच आली. श्रीमंताचा कंटाळा मध्यमवर्गाच्या दारात उभा राहायचा, आणि मध्यमवर्गाचा कंटाळा त्याच्या खालच्याच्या दारात.

पण या उत्तराला एक अट आहे, जी स्टीव्हन्सने कधी बोलून दाखवली नाही, कारण त्याच्या काळात ती न बोलता पूर्ण होत होती. ही साखळी चालायची तर दुसऱ्या आणि तिसऱ्या मालकाला वस्तू दुरुस्त करता आली पाहिजे. पहिल्या मालकाला दुरुस्तीची फिकीर नसते, त्याची वॉरंटी असते. दुरुस्तीवर जगतात ते नंतरचे. त्यांना पार्ट मिळायला हवा, तो परवडायला हवा, आणि कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला तो बसवता यायला हवा. यातलं काहीही तुटलं की पहिल्या मालकाचा कंटाळा थेट भंगारात जातो, आणि स्टीव्हन्सचा बचाव जागेवरच कोसळतो. त्याचा सिद्धांत त्याच्याच जीपच्या टेकूवर उभा होता. आजच्या कंपन्यांनी त्याचा सिद्धांत उचलला आणि जीपचा टेकू काढून घेतला.

माझ्याच घरातलं सांगते. आमच्या वॉशिंग मशीनला समोरून गोल काचेचं दार होतं, आणि मी कितीदा तरी चहाचा कप घेऊन त्यातले फिरणारे कपडे बघत उभी राहिले आहे. आठव्या वर्षी एका दुपारी ते बंद पडलं. पाण्याचा आवाज नाही, नुसता दिवा लुकलुकत होता. कंपनीचा माणूस आला, पाच मिनिटांत म्हणाला, "मॅडम, बोर्ड गेलाय." बोर्ड बदला म्हटलं, तर या मॉडेलचा बोर्ड आता येत नाही. एक्स्चेंजमध्ये नवीन घ्या, चांगली ऑफर आहे. मग मी गल्लीतल्या मिस्त्रीला बोलावलं. त्याने त्याच मॉडेलच्या दुसऱ्या बिघडलेल्या मशीनमधून बोर्ड काढून आणला. बसवला, तर दिवे सगळे लागले, पण मशीन फिरेना. म्हणाला, "ताई, बोर्ड चांगलाय, पण यात प्रोग्राम परत टाकावा लागतो, आणि ते टाकायचं यंत्र फक्त कंपनीकडे असतं. आपल्याला देत नाहीत." त्याने येण्याचे पैसेसुद्धा घेतले नाहीत. पार्ट हातात, कारागीर समोर, आणि तरी मशीन मेलेलं. मला नव्या मशीनची काडीचीही इच्छा नव्हती. माझ्या मनात कुणी काही रुजवलेलं नव्हतं.

याला 'नियोजित कालबाह्यता' हा स्टीव्हन्सचा शब्द लावू नये असं मला ठामपणे वाटतं, कारण त्या शब्दाने दोषाचा अर्धा भाग आपल्यावर येतो. लोकांनाच नवं हवं असतं, मग कंपन्या काय करणार, असं म्हणायला वाव मिळतो. या बाबतीत तो वाव नाही. याला दार लावून घेणं म्हणावं. कुलूप वस्तूला, आणि किल्ली विकणाऱ्याच्या खिशात.

हे कुलूप आपल्याकडे कायद्याच्या नजरेत आलेलं नाही असंही नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची उपकरणं स्वतंत्र गॅरेजवाल्यांपर्यंत पोचू देत नाहीत, हा ठपका होता. प्रकरण पुढे अपिलात गेलं, ते जाऊ दे. मला महत्त्वाचं वाटतं ते आयोगाने नेमकं काय पकडलं. त्याने कुणाला 'दरवर्षी नवं मॉडेल का काढता' असं विचारलं नाही. त्याने विचारलं, गाडी विकल्यानंतरही ती तुमच्याच ताब्यात कशी? प्रश्न असाच विचारायला हवा.

जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणं, मोटारी अशी चार क्षेत्रं निवडली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टल सुरू केलं. पुढे २०२४ मध्ये वस्तू किती दुरुस्त करता येते याचा निर्देशांक ठरवायला आणखी एक समिती आली. दिशा योग्य आहे. पण पोर्टलवर माहिती टाकायला सांगणं आणि कुलूप काढायला लावणं यांत फार अंतर आहे.

फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून काही वस्तूंवर, त्यात २०२५ पर्यंत समोरून दार असलेली वॉशिंग मशीनही होती, दुरुस्तीयोग्यतेचे दहापैकी गुण छापणं बंधनकारक झालं. त्या गुणांत सुट्या भागाची किंमत हा स्वतंत्र निकष आहे. मला तो सगळ्यांत मोलाचा वाटतो. पार्ट 'उपलब्ध' आहे पण नव्या वस्तूच्या निम्म्या किमतीला आहे, तर तो उपलब्ध नाहीच. आपल्याकडेही हा निकष हवा. पार्ट किती वर्षं मिळेल तो आकडा खोक्यावर, किमतीच्या शेजारी छापलेला हवा. आणि प्रोग्राम भरायचं यंत्र किंवा त्याची परवानगी प्रशिक्षित स्वतंत्र मिस्त्रीला वाजवी पैशांत देणं बंधनकारक हवं. ही तिसरी गोष्ट नसेल तर पहिल्या दोन कागदावरच राहतील, कारण माझ्या मशीनचा पार्ट मिळाला होता.

कंपन्या यावर सुरक्षिततेचं कारण पुढे करतात: अडाणी माणसाने उघडलं तर शॉक बसेल, आग लागेल. हे कारण मी हसण्यावारी नेत नाही. लिथियमची बॅटरी चुकीच्या हाताने उघडली तर पेटते, हे खरं आहे. पण त्यावरचा उपाय कारागिराला शिकवणं हा आहे. आयटीआयमधून दरवर्षी मुलं बाहेर पडतात, त्यांच्या हातात माहितीपत्रक द्या, परीक्षा घ्या, परवाना द्या. शेतकऱ्याचा ट्रॅक्टर ऐन पेरणीच्या आठवड्यात सेन्सरपायी उभा राहिला आणि कंपनीचा माणूस चार दिवसांनी येणार असेल, तर ती सुरक्षितता कुणाची? वाफसा कुणासाठी थांबत नाही.

स्टीव्हन्स स्वतः जुन्या गाड्यांचा मोठा संग्राहक होता. मिलवॉकीजवळच्या मेक्वॉन गावात त्याचं मोटारींचं संग्रहालय होतं. १९६४ मध्ये त्याने एक्सकॅलिबर नावाची गाडी काढली. दिसायला १९२८ च्या मर्सिडीझसारखी, आणि खाली स्टुडबेकर या मोटार कंपनीचा नेहमीचा सांगाडा. स्टुडबेकरचं इंजिन मिळेनासं झालं तेव्हा तिथे शेवरोलेचं इंजिन बसवलं गेलं आणि त्याची मुलं पुढे ती गाडी बनवत राहिली. म्हणजे एका कंपनीचा पार्ट संपला तर दुसऱ्या कंपनीचा बसत होता. 'थोडं नवं, थोडं आधी' म्हणणाऱ्या माणसाला जुनी वस्तू जिवंत ठेवायची म्हणजे काय करावं लागतं हे पुरतं ठाऊक होतं, आणि त्याच्या काळात ते करायला कुणाची परवानगी लागत नव्हती.

आमचं मशीन शेवटी आठशे रुपयांना गेलं. भंगारवाल्याने ते दारात आडवं पाडलं, मागचा पत्रा खोलला, ड्रम हाताने फिरवून कान लावून ऐकला. बेअरिंगचा आवाज नव्हता. मग त्याने मोटरवर बोट ठेवलं आणि पोऱ्याला म्हणाला, "ही जपून ठेव. ही कुठेही बसते."